दोरीवरचा टॉवेल

मला कुजबुजता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचा सगळा ठपका लोकांनी माझ्या आवाजावर ठेवला आणि तो मला अजूनही मान्य नाही. एकोणऐंशी साली मी नागपूरच्या टेलिफोन ऑफिसात, परगावचे फोन जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावर होते. कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचं जंजाळ, आणि पलीकडे गडचिरोलीचा ऑपरेटर, ज्याला कुठल्याही वाक्याचा फक्त शेवटचा शब्द ऐकू जायचा. दिवसभर "हॅलो गडचिरोली" करणाऱ्या बाईने घरी येऊन गोड गळ्याने बोलावं ही अपेक्षाच चुकीची आहे. जेवताना मी मीठ मागितलं की शेजारच्या शोभाताई बरणी घेऊन कुंपणापाशी यायच्या. माझे यजमान गोपाळराव पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांचा आवाज इतका हळू, की साहेबांनी त्यांची रजा नाकारली की यांनी ती मागितलीच नाही, हे मला कधीच कळायचं नाही.

सुदैवाने आमच्या विशाखाने आवाज माझा घेतला. ती सातवीत होती, बारावं लागलेलं, आणि शाळेच्या खो-खो संघात होती. खो-खोमध्ये बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून भागत नाही, तोंडाने खणखणीत 'खो' म्हणावं लागतं. तो ऐकू आला नाही तर पंच फाऊल देतात. विशाखाबद्दल पंचांची तक्रार उलट होती. एकदा शेजारच्या मैदानावर बसलेली दुसऱ्याच शाळेची मुलगी हिच्या खोवर उठून धावत सुटली होती. आम्हा दोघींना त्याचा फार अभिमान होता, आणि गोपाळरावांनाही असावा, ते काहीतरी म्हणाले होते खरे.

त्या पावसाळ्यात मात्र सत्यवती मॅडमनी मला शाळेत बोलावलं. खेळाच्या त्याच शिक्षिका. विशाखाचा खो ऐकू येत नाही, असं त्या म्हणाल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत. सरावात फाऊलवर फाऊल होतायत, आणि काल तर संघातून माझं नाव काढा असं तिने येऊन सांगितलं. पुढच्या महिन्यात चिटणीस पार्कवर आंतरशालेय अंतिम सामना, आणि ही म्हणते खेळत नाही. मी कारण विचारलं. मॅडमनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, कपाटावरच्या ट्रॉफीकडेसुद्धा पाहिलं आणि म्हणाल्या, की तिला आता ते घेऊन द्या. ते म्हणजे काय, मी विचारलं. ते, आतलं. आतलं काय? इथे मला दोष देऊ नये. आमच्याकडे नुसतं 'ते' सांगून कुठलाही ट्रंक कॉल लागत नाही. शेवटी मॅडमनी स्वतःच्या खांद्यावरचा पदर चिमटीत धरून दाखवला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी म्हटलं, "ब्रेसियर होय!" बाहेर तास वाजवायला निघालेला शिपाई तिथेच थांबला. त्या दिवशी शाळेची मधली सुट्टी थोडी उशिरा झाली असं नंतर कळलं.

घरी आल्यावर विशाखाला समोर बसवलं. ती बराच वेळ वेणीचं टोक चघळत राहिली.

"मले नाही खेळाचं," ती म्हणाली.

"काहून पण?"

"धावताना लाज वाटते. अन् खो म्हटलं का सगळे माह्याकडंच पाहतात."

मला राग आला, आणि तो कोणावर काढावा ते समजेना. मी तिच्याएवढी असताना माझी लंगडी अशीच बंद झाली होती. कोणी नको म्हटलं नव्हतं, कोणी कारणही सांगितलं नव्हतं. एका उन्हाळ्यात मी खेळत होते आणि पुढच्या उन्हाळ्यात ओट्यावर बसून मैत्रिणींच्या लहान बहिणींना खेळताना पाहत होते. विशाखाचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी तिथल्या तिथे ठरवलं. एका वीतभर कापडावाचून माझी पोर मैदान सोडणार असेल, तर ते कापड मी आणणार होते.

पण आपल्याकडे वीतभर कापड आणायलाही सल्ले हातभर लागतात. शोभाताईंनी कुंपणावरूनच समजावलं, की इतक्या लवकर नसतं घालायचं, सवय लागते. कसली सवय, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा दुसरा सल्ला दोन शमीज एकावर एक घालण्याचा होता, आणि तिसरा खेळच सोडवण्याचा. मुलीची जात, आता भरतकाम शिकव म्हणाल्या. त्यांच्या घरचा रेडिओ झाकायचा कपडा त्यांनी मला नमुना म्हणून दाखवला. त्यावर दोन मोर होते आणि दोघांनाही पळता येत नव्हतं.

आमच्या सासूबाई भीमाबाई सल्ला देणाऱ्यांतल्या नाहीत, त्या थेट कामाला लागतात. दुपारी मी ड्यूटीवर गेले असताना त्यांनी गोपाळरावांचा जुना लेंगा फाडून हाताने एक बॉडी शिवून ठेवली. कापड मांजरपाट, टीप दुहेरी, पाठीवर कोटाची बटणं. ती जमिनीवर ठेवली तर आपल्या आधाराने बसायची. समोर त्यांनी एक खिसाही लावला होता, बसचे पैसे ठेवायला. विशाखाने आजीचं मन राखायला ती एक दिवस घातली आणि तेवढा दिवस ती फोटोग्राफरपुढे बसल्यासारखी ताठ वावरली. खाली पडलेली पेन्सिल उचलायला तिला मैत्रीण लागली. संध्याकाळी भीमाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, कात्री घेतली, खिसा कापून त्याची सुपारीची चंची केली आणि उरलेल्याचं पोतेरं. त्यांचं एक बरं आहे, चुकलं की त्यावर त्या वेळ घालवत नाहीत.

तेव्हा रविवारी आम्ही बर्डीवर निघालो. बर्डी म्हणजे सीताबर्डी, पण पुरं नाव फक्त बसच्या पाटीवर असतं. गोपाळराव छत्री धरायला आले होते. दुकान दिसताच त्यांनी छत्री अशी काही धरली की पाऊस थांबला असूनही त्यांचं तोंड कोणाला दिसू नये, आणि समोरच्या घड्याळाच्या दुकानातल्या बंद घड्याळांची पाहणी करू लागले. मी विशाखाला घेऊन आत शिरले. दुकान चांगलं मोठं होतं, त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून जावं लागतं.

त्या काळी या दुकानांतून बायकांच्या असल्या वस्तू विकायला सगळे पुरुषच असायचे, आणि त्याची एक पद्धत ठरलेली होती. बाईने काउंटरवर वाकून सेल्समनला कुजबुजत सांगायचं. सेल्समनने मान वर करून माळ्यावर बसलेल्या माणसाला कुजबुजत सांगायचं. माळ्यावरून डबा खाली यायचा, तो काउंटरखाली उघडायचा आणि माल वर्तमानपत्रात गुंडाळून असा द्यायचा, की घेणाऱ्यालाही आपण काय घेतलं याची खात्री नसावी. ही पद्धत कोणी घालून दिली कोण जाणे, पण माळ्यावरचा माणूस चांगला पोक्त होता आणि त्याला कमी ऐकू येत असणार, हे माझ्या धंद्यातल्या बाईच्या लगेच लक्षात आलं.

सेल्समनने विशाखाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "आपके लिए?" असं विचारलं. बेबीसाठी, मी म्हटलं. बेबीसाठी फ्रॉक आहेत, छान नायलॉनचे आहेत, तो म्हणाला. मला फ्रॉक नको होता. मग त्याने वर पाहून ओठांतल्या ओठांत काहीतरी सांगितलं. वरून मोज्यांचा डबा आला. पुन्हा कुजबुज. हातरुमाल आले. तिसऱ्या खेपेला कानटोप्या आल्या, ऐन श्रावणात. दुकानातल्या बाकीच्या बायका रंगीत दोऱ्यांच्या रिळांकडे टक लावून उभ्या होत्या. विशाखा माझ्या पदराआड शिरत चालली होती, आणि आणखी दोन डबे आले असते तर ती पूर्ण नाहीशी झाली असती. म्हणून मीच तोंड वर केलं आणि गडचिरोलीला लावते तो आवाज लावला.

"ओ माळ्यावरचे भाऊ. ब्रेसियर. सगळ्यात लहान नंबर. कॉटनची."

माळ्यावरच्या भाऊंना पहिल्यांदाच नीट ऐकू आलं असावं. त्यांच्या हातून डबा सुटला. तो पडता पडता उघडला आणि दुकानात सगळीकडे माल बरसला. एक पंख्याच्या पात्याला अडकली आणि गोल गोल फिरायला लागली. तिच्याकडे कोणी पाहीना आणि पंखा बंद करायचा तर बटणापर्यंत जाताना पाहावं लागेल, म्हणून कोणी बंदही करीना. बाकीचा बराचसा माल एका गृहस्थाच्या डोक्यावर आणि खांद्यांवर उतरला होता. गृहस्थ बनियन घ्यायला आले होते. त्यांनी डोक्यावरचं एक एक बाजूला केलं तेव्हा आतून आमच्या वस्तीचे भैय्याजी निघाले.

भैय्याजी विम्याचं काम करत आणि प्रताप नगरातल्या आमच्या ओळीच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळाने आजवर एक गटार मागितलं होतं आणि ते मिळालं नव्हतं, त्यामुळे अध्यक्षांकडे पुष्कळ वेळ असे. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी छताकडे पाहिलं, तिथे पंखा फिरत होता, मग जमिनीकडे पाहिलं, तिथे तर पाहायची सोयच नव्हती. शेवटी डोळे मिटून ते दाराबाहेर गेले. बनियन राहिले.

या सगळ्यात विशाखाने मात्र एक काम केलं. काउंटरवर पडलेल्या ढिगावरून तिने नजर फिरवली, सॅटिनचं फूल लावलेल्या होत्या त्या सोडल्या आणि हात न लावता बोट दाखवलं. साधी, पांढरी, रुंद पट्ट्यांची. त्या नंबरातली तेवढी एकच होती. मग ती बाहेर जाऊन बापाच्या छत्रीखाली उभी राहिली. बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली नाही. घराजवळ उतरल्यावर एवढंच म्हणाली, की तू हळू काहून नाही बोलत, आता सगळ्यांले समजलं. मी म्हटलं समजू दे. ते तिला आवडलं नाही. मलाही आतून लागलं होतं. पंख्यावर फिरणाऱ्या वस्तूचं मला काहीच वाटलं नव्हतं, पण पोरगी बसमध्ये दुसऱ्या बाकावर बसली याचं वाटलं.

संध्याकाळी ती अंगणात आली. फाटकापासून पेरूच्या झाडापर्यंत पळत गेली, वळली, पळत परत आली. पुन्हा गेली. मग झाडाला हात लावून, अगदी बेताच्या आवाजात, "खो" म्हणाली. मी खिडकीतून ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिने संघात नाव परत घातलं, आणि मी समजले की प्रकरण संपलं.

पण कपडे धुवावेही लागतात, आणि इथे शोभाताईंच्या घराण्याचं एक शास्त्र होतं. बॉडी, म्हणजे ब्रेसियरच, कधी उघड्यावर वाळत घालायची नसते. ती घालायची घराच्या मागे, मोरीकडच्या दोरीवर. तिच्यावर टॉवेल, टॉवेलवर परकर, आणि पाहुणे यायचे असतील तर वरून चादर. एरवी पापड टाकायला सगळी वस्ती ऊन कुठे आहे ते बघते, पण या एका वस्तूला ऊन दिसता कामा नये. मी ते शास्त्र कधी पाळलं नव्हतं, पण माझं रात्री धुणं, रात्रीत वाळणं, कोणी पाहायला नसायचं. विशाखाची बॉडी मी पुढच्या रविवारी सकाळी समोरच्या अंगणातल्या दोरीवर घातली. ऊन तिथेच येतं. दोन चिमटे लावले आणि आत गेले.

दुपारी गोपाळराव फाटकावरून परत आले ते पडेल चेहऱ्याने. भैय्याजींनी त्यांना थांबवलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की आपली सभ्य लोकांची वस्ती आहे, दोरीवर काय घालावं याचा ज्याने त्याने विचार करावा, मंडळाच्या बैठकीत विषय निघाला तर बरं दिसणार नाही. सभ्य लोक म्हणजे कोण, आणि आम्हाला त्यातून कधी वगळलं, हे विचारायला मी चपला घालत होते. या ओळीत बौद्धांचं घर आमचं एकच होतं आणि असल्या वाक्यांचा पत्ता आम्हाला बरोबर लागतो. पण तेवढ्यात अंगणातून विशाखा धावत आत आली. बॉडी तिने दोरीवरून ओढून काढली होती, चिमट्यांसकट. तिचे डोळे भरले होते. "आई, तू कोणाले काही म्हणू नको. मीच मांगं घालीन," ती म्हणाली, आणि मी चपला काढल्या.

माघार घेणं आणि हार मानणं यात फरक आहे. तो मी त्या आठवड्यात स्वतःला पुष्कळदा समजावला. विशाखा रोज सराव करून आली की बॉडी धुवायची आणि मोरीमागे शोभाताईंच्या शास्त्राप्रमाणे झाकून ठेवायची. श्रावणातली ओलसर हवा, मागची भिंत सावलीची, वर टॉवेल, परकर आणि चादर. ती वाळायची नाही, नुसती वास धरायची. पोर ती ओलसरच घालून जायची आणि शिंकत परत यायची. सत्यवती मॅडमचा निरोप आला, की विशाखा पळते आहे, पण खोचा आवाज पुन्हा बसला. त्या आठवड्यात मी बोर्डावर गडचिरोलीशी इतकी भांडले, की तिकडून सुपरवायझरने माझी चौकशी केली.

सामन्याचा रविवार उजाडला. नऊ वाजता चिटणीस पार्कवर हजर व्हायचं होतं. विशाखाने मागे जाऊन चादर काढली, परकर काढला, टॉवेल काढला आणि खालची वस्तू पिळली. पाणी निघालं. रात्री पाऊस झाला होता आणि टॉवेलाने सगळा खाली पोचवला होता. मी इस्त्री लावली, लाइट गेले. धोब्याच्या कोळशाच्या इस्त्रीसाठी गोपाळराव पळाले, धोबी गावी गेला होता. भीमाबाईंनी शेगडी पेटवली, पण कोळसे ओले, नुसता धूर, आणि धुराचा वास घेऊन मैदानात उतरणं विशाखाला पटेना. तेवढ्यात बसही गेली. आम्ही खिडकीतून तिला जाताना पाहिलं.

विशाखा पाटावर बसली आणि म्हणाली, की राहू द्या, मॅडमना सांगा मले ताप आला. गोपाळरावांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला. मी म्हटलं, रिक्षा करू, हातात धरून नेऊ, हवेने वाळेल. भर रस्त्यातून, गोपाळराव म्हणाले, लोक काय म्हणतील. त्यांचं हे एक वाक्य मात्र नेहमी स्पष्ट ऐकू येतं.

भीमाबाई शेगडीपाशी डोळे चोळत होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली.

"लोकाईले भ्याचं असतं तं छप्पन साली मी पांढरं लुगडं नेसून दीक्षाभूमीवर गेलीच नसती. आमच्या गावच्या पाटलानं वाटेत इचारलं, कुठी चालली वं? म्या सांगितलं कुठी चालली थे. जोरानं सांगितलं. हळू सांगितलं असतं तं त्यानं वापस पाठवलं असतं."

मग त्या विशाखाकडे वळल्या. "तुले खेळाचं हाय का नाही, थे सांग. बाकी कायले रडून राहिली?"

विशाखा उठली, ओली बॉडी उचलली, दोनदा झटकली. "बाबा, भैय्याजींची स्कूटर मांगा," ती म्हणाली.

आमच्या ओळीत स्कूटर तेवढी एकच. काचेवर मोठ्या अक्षरांत 'भैय्याजी' आणि खाली बारीक अक्षरांत 'विमा उतरवा' असं रंगवलेलं. सगळं नागपूर ती ओळखायचं. गोपाळराव गेले. भैय्याजी फाटकाशी दात घासत उभे होते. यांनी काय मागितलं ते त्यांना ऐकू आलं नाही, आणि तोंडात फेस असल्यामुळे परत विचारता येईना, म्हणून त्यांनी मान हलवली. गोपाळरावांच्या आवाजाचा संसाराला झालेला एवढाच उपयोग मला आठवतो.

पुढे गोपाळराव, मध्ये विशाखा, मागे मी. बजाज नगर ओलांडेपर्यंत विशाखाने बॉडी मुठीत लपवून धरली होती. त्याने काय वाळणार. लक्ष्मीनगरच्या वळणावर तिने एक पट्टी सोडली. धंतोलीत दुसरी. आणि बर्डीचा रस्ता लागला तेव्हा तिने हात सरळ वर केला. पांढरी बॉडी वाऱ्यावर फडफडायला लागली. रविवारची सकाळ, लोक भाजी घेऊन, पेपर घेऊन उभे होते. काही जणांनी स्कूटरची काच वाचली आणि ओळखीचा हात केला. मी सगळ्यांना मान डोलावून उत्तर देत होते.

व्हरायटी चौकात शिट्टी वाजली. ट्रॅफिक हवालदाराने हात आडवा केला, स्कूटरभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, की हा झेंडा कोणत्या पार्टीचा, मोर्चा असेल तर परवानगी दाखवा. गोपाळराव उत्तर देत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मागे एक टांगा थांबला, दोन सायकलवाले थांबले, पेपरवाला पुढे सरकला. मी श्वास भरून घेतला, तोंड उघडलं, आणि माझ्या आधी माझ्या पुढून आवाज आला.

"झेंडा नाही काका. ब्रेसियर आहे. माही आहे. ओली आहे, वाळवून राहिली. नऊ वाजता माही खो-खोची मॅच आहे."

चौकातल्या पुतळ्यालासुद्धा ऐकू गेलं असेल. मी भरून घेतलेला श्वास तसाच हळूहळू सोडून दिला. हवालदाराने आधी बॉडीकडे पाहिलं, मग लगेच नजर काढून विशाखाकडे पाहिलं. ती त्याच्या डोळ्यांत बघत होती, हात अजून वरच. त्याने कानाची पाळी खाजवली. मग शिट्टी तोंडात घालून त्याने डावीकडची बस थांबवली, उजवीकडच्या रिक्षा थांबवल्या, आणि आख्खा चौक मोकळा करून आम्हाला जायची खूण केली. "माही पोरगी बी खो-खो खेळते," आम्ही निघताना तो म्हणाला. कॉटन मार्केट येईपर्यंत बॉडी खडखडीत वाळली होती.

आम्ही सामना हरलो. महाल भागातल्या शाळेच्या मुली फारच चपळ होत्या आणि ते मी आजही मान्य करते. पण विशाखाचा एकही खो पंचांनी फाऊल दिला नाही. तिचा पहिला खो निघाला तेव्हा मैदानाच्या कडेला चणे विकणाऱ्याच्या हातून माप सांडलं, आणि सत्यवती मॅडमनी माझ्याकडे पाहून दोन्ही कानांवर हात ठेवले. त्या हसत होत्या. घरी आल्यावर भीमाबाईंनी जिंकलो की हरलो ते विचारलंच नाही. पंचाले ऐकू आलं का, एवढं विचारलं. आलं, म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग झालं."

संध्याकाळी विशाखाने बॉडी धुतली आणि समोरच्या दोरीवर घातली. मी सांगितलं नव्हतं. ती दुसरा चिमटा लावत होती तेवढ्यात भैय्याजी फाटकाशी आले. त्यांना दुपारपासून लोक विचारत होते, की तुमच्या स्कूटरवर सकाळी झेंडा कसला होता, निवडणुकीला उभे राहताय का. ते बरंच बोलायच्या तयारीने आले होते, छत्रीचं टोक जमिनीवर आपटून त्यांनी घसाही साफ केला. पण विशाखाने दोरीपासूनच, मैदानातल्या आवाजात, सांगून टाकलं.

"थँक्यू भैय्याजी. तुमच्या स्कूटरमुळंच वाळली."

ओळीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. बॉडी वाळवण्याच्या कामात अध्यक्षांचा हातभार लागल्याचं असं जाहीर झाल्यावर बैठकीत विषय निघायचं कारणच उरलं नाही. भैय्याजींनी छत्री उघडली, पाऊस नसताना, आणि घरी गेले.

शोभाताई कुंपणाशी आल्या, इकडेतिकडे पाहून, अगं वरून टॉवेल तरी टाक म्हणाल्या. टॉवेल टाकला तं वाळत नाही काकू, विशाखाने सांगितलं. शोभाताई उभ्या राहिल्या, दोरीकडे बघत, चांगला बराच वेळ.

पुढच्या रविवारी मी अंगण झाडत होते. शोभाताईंची मागची दोरी आमच्या कुंपणावरून दिसते. तिच्यावर नेहमीसारखा टॉवेल होता, वर परकर नव्हता. आणि टॉवेल वीतभर बाजूला सरकवलेला होता. त्याच्या कडेने एक जुनी, पिवळी पडलेली पट्टी उन्हात आली होती. शोभाताई दाराशी उभ्या होत्या आणि माझ्याकडेच बघत होत्या. मी त्यांना काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर सगळ्या ओळीला ऐकू गेलं असतं.